युनिव्हर्सल प्रोग्रॅमर घ्यायचाय? आधी आपली कामाची वही उघडा

मालवणजवळ दोन वर्षांपूर्वी दुरुस्तीचं दुकान काढलेल्या एका तरुणाचा प्रश्न आहे. त्याच्याकडे टीव्ही, वॉशिंग मशीन आणि इन्व्हर्टर एसीची कार्डं, म्हणजे सर्किट बोर्ड, येतात. मासेमारी बंद झाली की होड्यांवरचे फिश फाइंडर आणि जीपीएसही येतात. बोर्डावरच्या मेमरी आयसीतला मजकूर वाचायला-लिहायला प्रोग्रॅमर लागतो, ते काम आजवर काळ्या रंगाच्या सीएच३४१ए या स्वस्त प्रोग्रॅमरवर भागवलं. आता हाताशी दहा हजार आहेत. विकणारा म्हणतो, 'हा युनिव्हर्सल प्रोग्रॅमर घ्या, यादीत वीस हजारांच्या वर आयसी आहेत, पुन्हा दुसरा घ्यायला नको.' घ्यावा का, आणि घ्यायचा तर कोणता?

मी रत्नागिरीत २७ वर्षं याच कामात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. घाईत असाल तर उत्तर एवढंच: या पैशांत टी४८ हा प्रोग्रॅमर घ्या, उरलेल्या पैशांचे चांगले अडॅप्टर घ्या, आणि जुना सीएच३४१ए टाकू नका, त्याचं व्होल्टेज दुरुस्त करून घ्या. तुमच्या कामात टीव्हीच जास्त असतील आणि त्यात ईएमएमसीवाले (मोठ्या साठ्याची मेमरी आयसी असलेले) बोर्ड वरचेवर येत असतील, तर मात्र थांबा, आणखी पैसे जमवा आणि आरटी८०९एच हा प्रोग्रॅमर घ्या. पण माझा शब्द मानून घेऊ नका. तुमच्या टेबलावर काय येतं ते मला ठाऊक नाही, तुम्हाला ठाऊक आहे.

म्हणून पहिलं काम वहीचं. गेल्या सहा महिन्यांत जेवढी कार्डं उघडली, त्यांतल्या मेमरी आयसीचे नंबर एका पानावर लिहून काढा. वही ठेवत नसाल तर आजपासून ठेवा. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा दहातली आठ कामं २४ आणि २५ मालिकेतल्या आठ पायांच्या आयसींची निघाली. उरलेल्यांत थोड्या ९३सी४६ आणि ९३सी६६, थोडे मायक्रोकंट्रोलर, वर्षाकाठी एखाद-दुसरी जुनी खिडकीवाली ईप्रॉम, म्हणजे अतिनील दिव्याने पुसायची मेमरी. वीस हजारांच्या यादीतल्या साडेएकोणीस हजार आयसी माझ्या दाराशी कधी आल्याच नाहीत. तुमच्या पानावर जे नंबर असतील ते विकणाऱ्याच्या यादीत शोधा. यादी नेटवर मिळते आणि सॉफ्टवेअर यंत्र नसतानाही उघडता येतं. नंबर अक्षरन् अक्षर जुळायला हवा, शेवटची दोन अक्षरंसुद्धा. का ते आता सांगतो.

डब्ल्यू२५क्यू६४एफव्ही आणि डब्ल्यू२५क्यू६४एफडब्ल्यू या दोन आयसी शेजारी ठेवल्या तर डोळ्यांना फरक दिसत नाही. दोन्ही ६४ मेगाबिटच्या, म्हणजे ८ मेगाबाइटच्या. पण पहिली ३.३ व्होल्टची, दुसरी १.८ व्होल्टची. मॅक्रोनिक्सची २५एल ३ व्होल्टवाली, २५यू १.८ वाली. गिगाडिव्हाइसची २५क्यू ३.३ ची, २५एलक्यू १.८ ची. यादीत '२५क्यू६४ चालते' एवढंच वाचून जो यंत्र घेतो तो फसतो.

माझ्याकडून ही चूक घडली आहे. एका शिक्षकांचा लॅपटॉप आला होता, सुरूच होत नव्हता. बायोसची, म्हणजे लॅपटॉप सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमची, फाइल बिघडल्याचं निदान बरोबर होतं. आयसी काढली, काळ्या सीएच३४१ए वर लावली आणि वाचली. पहिल्यांदा काहीतरी आलं, दुसऱ्यांदा वेगळंच आलं, तिसऱ्यांदा सगळं एफएफ, म्हणजे कोरं. मी संपर्क साफ करत बसलो. भिंग घेऊन नंबर नीट वाचला तेव्हा शेवटी डब्ल्यू दिसला. १.८ व्होल्टच्या आयसीला मी वीस मिनिटं दुपटी-तिपटीचं व्होल्टेज देत होतो. ती गेली, आणि तिच्याबरोबर त्या बोर्डाचा सीरियल नंबर, लायसन्सची नोंद, सगळं गेलं. नवी आयसी टाकून लॅपटॉप सुरू करून दिला, पैसे घेतले नाहीत, आणि काय झालं ते त्यांना खरंखरं सांगितलं. त्या दिवसापासून नंबर भिंगाखाली वाचल्याशिवाय आयसी सॉकेटमध्ये जात नाही.

त्या काळ्या यंत्रात आणखी एक खोट आहे. आयसीला वीज ३.३ व्होल्टची मिळते, पण डेटाच्या तारांवर ५ व्होल्ट येतात, कारण आतला सीएच३४१ए स्वतः ५ व्होल्टवर चालतो. बऱ्याच ३.३ च्या आयसी ते सोसतात, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. मल्टीमीटर लावून पाहा. उपाय असा: सीएच३४१ए चा २८ नंबरचा पाय पॅडवरून हलक्या हाताने उचलायचा आणि त्याला बोर्डावरच्या रेग्युलेटरचे ३.३ व्होल्ट द्यायचे. ९ नंबरच्या पायालाही तेच ३.३ जोडायचे. हात बसलेला नसेल तर व्होल्टेज निवडायचा जम्पर असलेलं नवं यंत्र काही शे रुपयांत मिळतं, ते घ्या. मग हे दुरुस्त केलेलं यंत्र आयुष्यभर उपयोगी पडतं. क्लिप लावून एक झटपट वाचन करायला महागडं यंत्र काढावं लागत नाही, आणि लिनक्सवर फ्लॅशरॉमसारखं मोफत सॉफ्टवेअर त्याच्याशी उत्तम बोलतं.

आता टी४८ का. याच्या आधीचा टीएल८६६-टू प्लस तुम्ही कुणाकडे पाहिला असेल. ४० पायांचं झिफ सॉकेट (दांडा उचलून आयसी सहज घालता-काढता येते असं), चांगलं यंत्र, माझ्याकडे अजून आहे. पण त्याचं प्रोग्रॅमिंग व्होल्टेज, म्हणजे आयसीत लिहितानाचं व्होल्टेज, १८ व्होल्टपाशी संपतं, आणि तो आता बनत नाही. टी४८ हा त्याचाच पुढचा भाऊ. हे व्होल्टेज त्यात २५ पर्यंत जातं, त्यामुळे जुन्या ईप्रॉमही लिहिता येतात, आणि नँड (मोठ्या साठ्याची फ्लॅश मेमरी) व ईएमएमसीची सोयही आहे. सेकंडहँड टीएल८६६ कुणी स्वस्तात देत असेल तर जपून, या यंत्राच्या जुन्या पिढीच्या नकला बाजारात खूप फिरल्या. मूळ सॉफ्टवेअर विंडोजवर चालतं. लिनक्सवाल्यांसाठी मिनिप्रो नावाचा मोफत पर्याय आहे, पण नव्या यंत्रांना त्याचा आधार पूर्ण नाही. दुकानात एक जुना विंडोजचा लॅपटॉप याच कामाला ठेवा आणि त्यावर दुसरं काही करू नका.

१.८ व्होल्टच्या आयसींसाठी कोणत्याही यंत्राबरोबर वेगळा अडॅप्टर लागतो का, ते घेण्याआधी विचारा. टीएल८६६-टू प्लसला तो लागतोच. सॉफ्टवेअरमध्ये आयसी निवडली की कोणता अडॅप्टर हवा ते पडद्यावर येतं, म्हणून म्हटलं की सॉफ्टवेअर आधीच उतरवून घ्या आणि आपल्या पानावरचा एकेक नंबर निवडून पाहा. फुकट होणारं काम आहे आणि एका संध्याकाळी आटोपतं.

अडॅप्टरचं मी मुद्दाम लांबवून सांगणार आहे, कारण पैसे खरे इथे वाया जातात किंवा वसूल होतात. 'अमुक इतके अडॅप्टर फुकट' अशी जाहिरात असते. त्यातले निम्मे तुम्ही कधी वापरणार नाही, आणि जो रोज लागतो त्याची स्प्रिंग तिसऱ्या महिन्यात सैल पडते. आठ पायांच्या आयसी दोन रुंदींत येतात. २४ मालिकेतल्या बहुतेक १५० मिलच्या (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), तर २५ मालिकेतल्या मोठ्या आयसी २०० ते २०८ मिलच्या. दोन्हींसाठी वेगवेगळं सॉकेट घ्या आणि वरून दाबायचं, चांगल्या संपर्काचं घ्या. डब्ल्यूएसओएन म्हणजे पाय बाहेर न आलेल्या चपट्या आयसी, त्यांतही ६×५ आणि ८×६ असे दोन आकार येतात. टीव्ही करत असाल तर टीएसओपी ४८ चा, म्हणजे ४८ पायांच्या चपट्या आयसीचा, अडॅप्टर हवाच. क्लिप घेताना सर्वांत स्वस्त घेऊ नका. तिचे दात एकदा वाकले की अर्धा दिवस भलत्याच शंकेत जातो.

क्लिप लावून बोर्डावरच वाचावं का? शक्य असेल तिथे वाचा, पण विश्वास ठेवू नका. तुम्ही क्लिपमधून ३.३ व्होल्ट देता तेव्हा ते त्या एका आयसीला न जाता त्या लाइनवरच्या सगळ्या बोर्डाला जातात. प्रोसेसर अर्धवट जागा होतो आणि तोही त्याच आयसीशी बोलू लागतो. व्होल्टेज २.७ च्या खाली बसलं की २५ मालिकेतली आयसी बरळते. अशा वेळी प्रोसेसरचा रीसेट धरून ठेवणं हा एक मार्ग, पण हॉट एअर (गरम हवेने आयसी सोडवायचं यंत्र) हातात असेल तर आयसी काढून वाचणं हाच खरा मार्ग. आणि एक गोष्ट आपल्याकडे फार महत्त्वाची. आपला जांभा, त्यात उन्हाळ्यात कोरडा पडलेला, अर्थिंग नीट लागत नाही. दोन पिनांच्या चार्जरवर चालणाऱ्या लॅपटॉपच्या धातूला बोट लावलं की जी झिणझिण येते, तेच व्होल्टेज क्लिपमधून आयसीत शिरतं. बोर्डावर क्लिप लावताना चार्जर काढा, लॅपटॉप बॅटरीवर ठेवा आणि बोर्डाची मेनची वायर प्लगमधून बाहेर हवी, नुसतं बटण बंद करून चालणार नाही.

आता वाचनाची शिस्त, कारण यंत्र कितीही भारी असलं तरी शिस्त ते देत नाही.

२५ मालिकेतल्या आयसीला स्वतःची ओळख असते. विनबॉन्डची २५क्यू६४ 'ईएफ ४० १७' म्हणते, तिचीच १.८ व्होल्टवाली 'ईएफ ६० १७'. गिगाडिव्हाइसची 'सी८ ४० १७'. मॅक्रोनिक्सची सुरुवात 'सी२' ने. हे आकडे सॉफ्टवेअर दाखवतं आणि निवडलेल्या आयसीशी जुळले नाहीत तर अडवतं. तिथे 'तरीही पुढे जा' असं बटण असतं. ते दाबू नका. ओळख सगळी एफएफ किंवा सगळी शून्य आली तर आयसी मेली असं लगेच ठरवू नका. आधी १ नंबरचा ठिपका बरोबर आहे का पाहा, मग पाय साफ करा, मग सॉकेट.

२४ मालिकेला मात्र ओळख नसते. ही मालिका सोपी समजून नवी मुलं इथेच घसरतात. २४सी०२ मध्ये फक्त २५६ बाइट असतात, २४सी३२ मध्ये ४ किलोबाइट. २४सी१६ पर्यंतच्या आयसी एका बाइटचा पत्ता घेतात, २४सी३२ पासून पुढच्या दोन बाइटचा. सॉफ्टवेअरमध्ये चुकीची निवडली तर ते काही बोलणार नाही, कारण त्याला विचारायला ओळखच नाही. वाचाल ते भलतंच आणि लिहाल ते भलत्याच जागी.

एका बर्फाच्या कारखान्याचं तापमानाचं कार्ड आलं होतं. बंदराजवळचा कारखाना, बाहेर बर्फ भरायला टेम्पो उभे. त्या कार्डात २४सी०४ होती, म्हणजे अवघे ५१२ बाइट. दुसऱ्या कुणीतरी ती २४सी०२ समजून अर्धीच वाचली होती आणि अर्धीच नव्या आयसीत लिहिली होती. कार्ड सुरू व्हायचं, पडद्यावर आकडे यायचे, पण ब्राइनचं (बर्फ गोठवणाऱ्या मिठाच्या पाण्याचं) तापमान काही अंशांनी चुकीचं दाखवायचं. नशिबाने मूळ आयसी त्यांनी पुडीत बांधून ठेवली होती. मी ती दोनदा वाचली, दोन्ही फाइल जुळवल्या. वरच्या अर्ध्यात सेन्सरचं कॅलिब्रेशन होतं, खालच्या अर्ध्यात सेटिंग. पूर्ण ५१२ बाइट नव्या आयसीत गेले आणि कार्ड बरोबर बोलू लागलं. ती कागदाची पुडी फेकली असती तर त्या कारखान्याला नवं कार्ड मागवावं लागलं असतं.

म्हणून नेम असा. आयसी काढली की पहिलं काम वाचन. वाचलं की सेव्ह करा. आयसी सॉकेटमधून काढा, पुन्हा लावा, पुन्हा वाचा, दुसऱ्या नावाने सेव्ह करा. दोन्ही फाइलींचा चेकसम, म्हणजे मजकुरावरून सॉफ्टवेअर काढतं तो पडताळणीचा आकडा, जुळायला हवा. नाही जुळला तर इरेज या बटणाकडे बघायचंही नाही. जुळल्यावर फाइल उघडून डोळ्यांनी पाहा: सगळीकडे एफएफ असेल तर ती कोरी आयसी आहे किंवा वाचनच झालेलं नाही. एकच मजकूर दर काही किलोबाइटनी पुन्हा येत असेल तर तुम्ही आयसी खऱ्या आकारापेक्षा मोठी निवडली आहे. फाइलीचं नाव असं द्या की पाच वर्षांनी कळेल: ग्राहकाचं टोपणनाव, बोर्डाचा नंबर, आयसीचा नंबर, तारीख. आणि त्याची एक प्रत दुकानाबाहेर ठेवा.

हे शेवटचं वाक्य मी उगाच लिहिलेलं नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं त्यानंतर कित्येक महिने माझ्याकडे चिखलातली कार्डं येत होती. बोर्ड गेलेले, ट्रॅक हिरवे पडलेले, पण आयसीच्या पोटातला मजकूर बहुतेकदा शाबूत होता. काळ्या प्लॅस्टिकच्या आत पाणी सहजी पोचत नाही. आयसी काढायची, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पाय घासायचे, सुकवायची, वाचायची आणि त्याच मॉडेलच्या चांगल्या बोर्डावर तो मजकूर न्यायचा. त्या काळात माझ्या प्रोग्रॅमरने जेवढी घरं आणि दुकानं उभी केली तेवढी कधी केली नव्हती. ज्यांच्या मशीनचे डंप, म्हणजे वाचून ठेवलेल्या फाइली, आधीच्या दुरुस्तीच्या वेळी माझ्याकडे सेव्ह होते, त्यांचं काम तर दिवसात झालं.

इथेच एक सावधगिरी. नेटवरून उतरवलेली दुसऱ्या बोर्डाची फाइल आपल्या बोर्डावर मारली की टीव्ही सुरू होतो आणि आपण खूश होतो. पण तिच्याबरोबर दुसऱ्याचा मॅक अॅड्रेस (नेटवर्कवरची ओळख), दुसऱ्याच्या एचडीसीपी की (चित्राची नक्कल रोखणाऱ्या किल्ल्या), दुसऱ्या पॅनलची सेटिंग येते. मग सहा महिन्यांनी ग्राहक म्हणतो, सेट-टॉप बॉक्स लावला की चित्र येत नाही. मूळ डंप हातात असेल तर त्यातला तेवढा भाग काढून नव्या फाइलीत जोडता येतो. नसेल तर नाही.

नँड आणि ईएमएमसीकडे येऊ. हे २५ मालिकेसारखं सरळ नाही. १ गिगाबिटची के९एफ१जी०८ घ्या: एक पान २०४८ बाइटांचं, त्याला शेपटी ६४ बाइटांची, ६४ पानांचा एक ब्लॉक, असे १०२४ ब्लॉक. त्यांतले काही ब्लॉक कारखान्यातूनच खराब येऊ शकतात आणि त्याची खूण त्या शेपटीच्या जागेत असते. एका आयसीचा मजकूर जसाच्या तसा दुसरीत ओतला आणि दुसरीचा खराब ब्लॉक वेगळ्या जागी असला, तर बोर्ड उठत नाही. प्रोग्रॅमरचं सॉफ्टवेअर खराब ब्लॉक वगळणं, शेपटी धरणं न धरणं हे पर्याय देतं. ते समजून घेतल्याशिवाय नँडला हात लावू नका. ईएमएमसी तुलनेने सोपी, कारण खराब ब्लॉक ती स्वतःच सांभाळते. पण बीजीए, म्हणजे पायांऐवजी पोटाखाली सोल्डरचे गोळे असलेली आयसी, काढून-बसवण्याचं कौशल्य लागतं. आरटी८०९एच टीव्हीवाल्यांत लोकप्रिय आहे तो यासाठीच: टीव्हीच्या आयसींचा त्याचा अभ्यास मोठा आहे. त्याचा धाकटा भाऊ आरटी८०९एफ तर बऱ्याच टीव्हींत आयसी न काढता व्हीजीएच्या पोर्टातून फाइल टाकतो. गणपतीच्या आधीच्या पंधरवड्यात ज्यांच्या दुकानात टीव्हींची रांग लागते त्यांना याचं मोल कळतं.

मायक्रोकंट्रोलरबाबत मोठी अपेक्षा ठेवू नका. यादीत पिक, एव्हीआर, ८०५१ असे शेकडो नंबर असतात, पण यंत्र लिहू शकतं म्हणजे वाचू शकतं असं नाही. कारखान्याने लॉक लावलेला असतो. लॉक असलेला पिक १६एफ वाचला तर बहुधा सगळीकडे शून्य येतं, आणि यंत्राचा त्यात दोष नसतो. ग्राहकाला 'आयसी कॉपी करून देतो' असा शब्द आधी देऊ नका. जिथे याचा खरा उपयोग आहे ते काम वेगळं: एव्हीआरच्या फ्यूज बिट (आयसीच्या मूळ सेटिंग) चुकीच्या लिहून कुणी आयसी 'मारून' ठेवली असेल, यूएसबीएएसपी हा साधा प्रोग्रॅमर तिला ओळखत नसेल, तर रीसेटच्या पायावर १२ व्होल्ट देऊन ती परत उठवता येते. आयटीआयच्या मुलांनी बंद पाडलेले एटीमेगा८ असे पुष्कळ उठवलेत. एसटीएम३२ या मायक्रोकंट्रोलरसाठी मात्र स्वस्तातला एसटी-लिंक हा प्रोग्रॅमर घ्या, त्यासाठी मोठ्या यंत्राची गरज नाही.

आणि जुन्या ईप्रॉम. तुमच्याकडे सध्या येत नसतील, पण सिंधुदुर्गात आंब्याचा पल्प आणि काजूचे कारखाने आहेत, त्यांतली कित्येक जुनी यंत्रं अजून चालतात. माझ्याकडे एका कॅनिंग कारखान्याचं कंट्रोल कार्ड आलं, त्यात २७सी२५६. काचेच्या खिडकीवरची चिकटपट्टी दमट हवेत सुटून पडलेली, आत सोनेरी तारा आणि करड्या रंगाचा चौकोन स्वच्छ दिसत होता. खिडकी उघडी राहिली की उन्हातल्या अतिनील किरणांनी मजकूर वर्षानुवर्षं झिजत जातो. यंत्र मधूनच अडकायचं, सकाळी बरं, दुपारी बिघडलेलं. मी ती ५ व्होल्टवर वाचली, दोन वाचनांत तीन बाइटांचा फरक. मग व्होल्टेज थोडं खाली-वर करून पुन्हा पुन्हा वाचली, प्रत्येक बाइटसाठी जे सर्वांत जास्त वेळा आलं ते धरलं आणि नवी आयसी लिहिली. असं व्होल्टेज बदलून वाचता येणं, हे चांगल्या प्रोग्रॅमरचं लक्षण. घेताना हे विचारा.

ईप्रॉम बदलताना पायांची जुळणी नीट पाहा. २७६४ च्या जागी २८सी६४ सहसा बसते आणि तिला अतिनील दिव्याची गरज नाही. पण २७सी२५६ च्या जागी २८सी२५६ बसवू नका, १ आणि २७ नंबरच्या पायांची कामं वेगळी आहेत. तिथे मी डब्ल्यू२७सी५१२ वापरतो, ती विजेनेच पुसली जाते. तिचा १ नंबरचा पाय पत्त्याचा आहे आणि जुन्या बोर्डावर तो ५ व्होल्टला बांधलेला असतो, म्हणून मजकूर वरच्या अर्ध्यात लिहायचा. दोन्ही अर्ध्यांत एकच मजकूर लिहिला तर विचारच करावा लागत नाही. २७१६ ला २५ व्होल्ट लागतात, २७३२ए ला २१, पुढच्या २७सी जातीच्या आयसींना १२-१३ पुरतात. वाचायला सगळ्यांनाच ५ व्होल्ट पुरे, त्यामुळे नुसतं वाचायचं असेल तर जुना टीएल८६६ही चालतो.

त्याहून वरच्या यंत्रांचं थोडक्यात. स्लोव्हाकियातल्या एल्नेकचे बीप्रोग, किंवा झेलटेकचे सुपरप्रो, ही लाखाच्या घरातली यंत्रं आहेत. अमेरिकेतल्या डेटा आय/ओची यंत्रं तर कारखान्यांसाठीच. कुडाळ किंवा लोटे-परशुरामच्या एमआयडीसीत कुणी रोज शेकडो आयसी लिहून बोर्डावर लावत असेल, तर ती घ्यावीत: पायाचा संपर्क तपासणं, प्रत्येक आयसीला वेगळा सीरियल नंबर, यादीत नसलेल्या आयसीचा आधार मागवणं, हे सगळं त्यांत आहे. दुरुस्तीच्या टेबलाला ती गरज नाही. उगाच कर्ज काढू नका.

घेतल्यानंतर आपल्या हवेत यंत्र टिकवायचं असेल तर ते उघड्यावर ठेवू नका. खाऱ्या वाऱ्याने झिफ सॉकेटच्या आतले संपर्क काळे पडतात, आणि ते वरून दिसत नाहीत. माझं यंत्र घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर राहतं, पुड्या महिन्यातून एकदा तव्यावर मंद आचेवर तापवून घेतो. झिफचा दांडा काम नसताना उभा ठेवायचा, म्हणजे स्प्रिंगवर ताण राहत नाही. पाय पांढरे-हिरवे असलेली आयसी साफ केल्याशिवाय सॉकेटमध्ये घालायची नाही, एका आयसीचं मीठ पुढच्या दहा आयसींना लागतं. आणि पावसाळ्यात होडीवरून आलेल्या बोर्डावर थेट हॉट एअर मारू नका. आयसीच्या पोटात ओल असते, तिची वाफ होऊन प्लॅस्टिक आतून फुगतं आणि जो मजकूर वाचायचा तोच जातो. बोर्ड आधी कोमट उबेत पुरता सुकू द्या. तांडेल दारात उभा राहून 'आठ दिवसांत बोट सुटायची आहे' म्हणेल, तरी सुकवायला लागणारा वेळ त्याच्याकडून मागून घ्या.

कुणी गाडीच्या मीटरचे किलोमीटर कमी करायला किंवा विजेच्या मीटरची आयसी 'बघायला' आणली तर नाही म्हणा. यंत्र हाती आलं की असे लोक वास काढत येतात. तो गुन्हा आहे आणि गाडी पुढे विकत घेणारा आपल्याच गावातला असतो.

घ्यायचं कुठून, तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर स्वतः जाऊन किंवा ऑनलाइन, पण परत घेण्याची मुदत आहे अशाच ठिकाणाहून. मुदत संपायच्या आत तपासा. भंगार बोर्डांवरून २४सी०२, २४सी३२, ९३सी४६, ३.३ ची एक २५क्यू६४, १.८ ची एक २५क्यू६४ आणि एक एटीमेगा८ अशा सहा आयसी आजच काढून ठेवा. यंत्र आलं की प्रत्येक पाच वेळा वाचा, पुसा, लिहा, पडताळा. १.८ वाली लावायच्या आधी, सॉकेट रिकामं असताना, अडॅप्टरच्या व्हीसीसी (वीज येणाऱ्या) पायावर मल्टीमीटर लावून ठेवा आणि वाचनाचं बटण दाबून आकडा पाहा. १.८ च्या आसपास दिसला तरच आयसी घाला.